गांव पायीं पाहावें कसें ?

वाईला आपल्यापैकीं पुष्कळजण जाऊन आलेले असतील. पुण्याकडून महाबळेश्वरास निघालेली मोटार पसरणीचा घाट चढण्यापूर्वीं वाईंत थोडा वेळ थांबते. मंडळी खालीं उतरतात, गणपतीचें दर्शन घेतात, घाटाच्या पायरीवर उभें राहून एक छायाचित्र काढतात आणि अर्ध्या तासानें पुन्हां मार्गाला लागतात. वाई कशी वाटली म्हणून त्यांना विचारावें, तर ‘छान आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. मी त्यांना दोष देत नाहीं. अर्ध्या तासांत गांव दिसतें, कळत नाहीं. तें कळावयाला पायीं हिंडावें लागतें, अधूनमधून उभें राहावें लागतें, आणि कोणीतरी बरोबर असावें लागतें. हें ‘कोणीतरी’ म्हणजे वाटाड्या. त्या वाटाड्यानें काय सांगावें, काय सांगूं नये, आणि त्याच्याबरोबर हिंडणाऱ्यांनीं त्याला काय विचारावें, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचा माझा विचार आहे.

मी शाळेंत पस्तीस वर्षें शिकवून निवृत्त झालेला एक साधा मास्तर आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां संशोधक म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाहीं. निवृत्तीनंतर वेळ हातीं आला, पाय अजून धड होते, आणि गांवांत येणाऱ्या पाहुण्यांना कोणी नीट हिंडवून आणीत नाहीं हें दिसत होतें. म्हणून रविवारीं सकाळीं दहाबारा मंडळींना घेऊन मी निघूं लागलों. दहाबाराच कां, तर त्याहून अधिक माणसें झालीं कीं मागच्याला ऐकूं येत नाहीं, आणि ज्याला ऐकूं येत नाहीं तो शेजाऱ्याशीं बोलूं लागतो. शाळेंतला अनुभव येथें उपयोगीं पडला, दुसरें कांहीं नाहीं.

परंतु या उद्योगाच्या मुळाशीं एक जुनी टोंचणी आहे. ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

मी शिकवीत होतों त्या काळीं दरवर्षीं मुलांना घेऊन आम्ही नदीवर जात असूं. मी तेथें पायरीवर उभा राहून ठणकावून सांगत असें, ‘मुलांनो, ही प्राचीन विराटनगरी. पांडव अज्ञातवासांत येथेंच राहिले. तो पाहा पांडवगड, आणि तो वैराटगड.’ मुलें माना डोलावीत. एके वर्षीं सातवींतला एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘गुरुजी, विराटाचा मत्स्यदेश राजस्थानांत होता, जयपुराजवळचें बैराट तें हेंच, असें मीं एका पुस्तकांत वाचलें. मग आपली वाई विराटनगरी, हें कशावरून ?’

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. जें नव्हतें तें नाहीं म्हणून सांगावें, एवढेंहि मला सुचलें नाहीं. ‘फार शहाणा झालास, खालीं बस,’ असें मीं त्याला सुनावलें. मुलें हंसलीं. तो खालीं बसला, आणि वर्षभर त्यानें माझ्या तासाला पुन्हां एकहि प्रश्न विचारला नाहीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं तो एकदां बसस्थानकावर भेटला. वांकून नमस्कार केला, मोठ्या आदरानें चौकशी केली. ‘काय शिकलास ?’ म्हणून मीं विचारलें, तेव्हां हंसत म्हणाला, ‘गणित घेतलें, गुरुजी. तेथें कशावरून म्हणून विचारलेलें चालतें.’ त्याच्या मनांत कांहीं कडवटपणा नसावा. माझ्या मनांतून मात्र तें वाक्य अद्याप गेलेलें नाहीं.

तेव्हांपासून मीं स्वतःला एक शिस्त लावून घेतली. गांवाविषयीं जें जें म्हणून मी सांगतों, तें तीन साक्षींपैकीं कोणत्या साक्षीनें सांगतों, हें आधीं बोलून दाखवावयाचें. पहिली साक्ष दगडाची, म्हणजे जें डोळ्यांना दिसतें आणि हाताला लागतें त्याची. दुसरी साक्ष कागदाची, म्हणजे सनदा, पत्रें, दफ्तरें, लिहून ठेवलेले सन यांची. तिसरी साक्ष लोकांची, म्हणजे आजीनें नातवाला सांगितलेल्या गोष्टीची. तिन्ही साक्षी मोलाच्या आहेत. पण एकीचें काम दुसरीकडून करून घ्यावयाचें नाहीं. आतां आपण मनानें माझ्याबरोबर चला, म्हणजे हें काय तें आपोआप ध्यानांत येईल.

आपण सूर्योदयाच्या सुमारास घाटावर जमतों. उन्हें चढल्यावर काळा दगड तापतो आणि वृद्ध मंडळींना उभें राहवत नाहीं, हें एक कारण. दुसरें असें कीं, त्या वेळीं घाट आपलें नित्याचें काम करीत असतो. कोणी स्नान करीत असतें, कोणी धुणें धूत असतें, कोणी ओल्या पंचानें देवळाकडे निघालेलें असतें. घाट हा देखावा नव्हे, तें लोकांच्या वापरांतलें ठिकाण आहे, हें पाहुण्यांना सांगावें लागत नाहीं, दिसतें. मी एवढेंच सांगतों कीं, धुणाऱ्या बायांची वाट अडवूं नका आणि विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र काढूं नका.

पायऱ्या इतक्या कां, हा पहिला प्रश्न. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते आणि धोम, मेणवली या गांवांवरून वाईस येते. उगम जवळ, डोंगर उंच आणि पाऊस मुसळधार. त्यामुळें पावसाळ्यांत नदी कित्येक हात चढावयाची आणि उन्हाळ्यांत तळाशीं जावयाची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरच्या अंगाला धोमचें धरण झालें, तेव्हांपासून नदीचा स्वभाव पुष्कळ बदलला. परंतु घाट बांधणाऱ्यांसमोर जुनी नदी होती. तिचें पाणी कोणत्याहि महिन्यांत कोणत्याहि उंचीवर असो, माणसाला पाय न घसरतां तेथवर पोहोंचतां यावें, हा पायऱ्यांचा हेतु. म्हणजे घाट ही एक प्रकारची शिडी आहे. पायऱ्यांनीं दुसरेंहि काम होतें: पुराचें पाणी नुसत्या मातीचा कांठ खाऊन टाकतें, बांधीव कांठाला तें तसें खातां येत नाहीं. ही दगडाची साक्ष झाली. तिच्यासाठीं पुस्तक उघडावें लागलें नाहीं.

वाईला घाट एक नव्हे, एकापुढें एक असे अनेक आहेत. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, अशीं त्यांचीं नांवें. ज्या वस्तीचा जो घाट, त्याची निगा त्या वस्तीकडे. नदीशीं नातें असें वांटून घेतल्यामुळें कोणाचाच नाहीं असा कांठ पूर्वीं राहत नसे. आज नगराची व्यवस्था दुसऱ्या हातीं आहे. पण आपल्या आळीच्या पायरीवर कचरा पडला तर आपल्याला लाज वाटावी, ही भावना व्यवस्थेच्या बदलाबरोबर जाऊं देऊं नये, असें मला नेहमीं वाटतें.

आतां आपण ढोल्या गणपतीपाशीं येतों. मूर्ति एवढी भव्य आहे कीं, लोकांनीं प्रेमानें ‘ढोल्या’ म्हणावें हें स्वाभाविकच. परंतु समोरून दर्शन झालें कीं मी मंडळींना देवळाच्या मागल्या अंगाला नेतों. नव्वद टक्के प्रवासी तिकडे जात नाहींत, आणि या देवळाचें खरें कौशल्य तर तेथेंच आहे. गाभाऱ्याची मागली भिंत इतर देवळांसारखी सपाट नाहीं. ती मध्यभागीं निमुळती होत पुढें आली आहे. लोक तिला माशाचा आकार म्हणतात. हें केवळ शोभेसाठीं केलें असेल काय ?

या ठिकाणीं मी मुलांना पुन्हां नदीवर पिटाळतों. वाहत्या पाण्यांत आधीं तळहात आडवा धरावयास सांगतों, म्हणजे पाणी पंजावर येऊन आदळतें, वर उसळतें आणि हात मागें रेटला जातो. मग तोच हात उभा करून बोटांची कड प्रवाहाकडे करावयास सांगतों. पाणी दुभंगतें आणि दोहों अंगांनीं सरळ निघून जातें. हाताला जोर लागत नाहीं. देऊळ नदीच्या अगदीं कांठावर आहे. पूर आला कीं पाणी मागल्या भिंतीवर यावयाचें. भिंत सपाट असती, तर साऱ्या लोंढ्याचा भार तिनें छातीवर घेतला असता आणि पाण्यानें भोवरे करून पायाची माती उकरली असती. निमुळत्या भिंतीनें पाणी चिरलें जातें. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूस टोंक काढलेलें आपण पाहतां, त्यांतलें तत्त्व हेंच. मुलें ओला हात झटकीत परत येतात आणि भिंतीकडे निराळ्या नजरेनें पाहतात. मला वाटतें, वाटाड्याचें काम एवढेंच कीं, माणूस ज्या दगडाकडे एकदां पाहून गेला त्याकडेच त्यानें दुसऱ्यांदा पाहावें.

हें देऊळ इ. स. १७६२ मध्यें गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधविलें. येथून पलीकडेच काशीविश्वेश्वराचें देऊळ आहे, तें आनंदराव भिकाजी रास्ते यांनीं १७५७ मध्यें बांधविलें. तेथील काळ्या दगडाचा नंदी अवश्य पाहावा. दगड इतका घोटलेला आहे कीं, हात लावून खात्री करून घ्यावी असा मोह होतो. आणि नंदीच्या अंगावरचे अलंकार कोरतांना पाथरवटानें कोठेंहि घाई केलेली दिसत नाहीं.

हे दोन सन सांगितले ही झाली कागदाची साक्ष. पण सन नुसते पाठ करून उपयोग नाहीं. ते एकमेकांशेजारीं ठेवून पाहावे लागतात. रास्ते घराण्याची मुलगी गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. पुण्याचें राज्य ज्या घरांत, त्या घराशीं वाईच्या या कुटुंबाची सोयरीक. एवढ्या लहान गांवांत एवढें मोठें बांधकाम करण्याची ऐपत कोठून आली, याचा उलगडा येथें होतो. आतां पाहा, काशीविश्वेश्वर १७५७ चा आणि गणपति १७६२ चा. या दोहोंच्या मध्यें कोणतें वर्ष पडतें ? १४ जानेवारी १७६१, पानिपत. त्या रणांत गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पडला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत नानासाहेब निवर्तले. म्हणजे एक देऊळ घरांत भरभराट असतांना उभें राहिलें आणि दुसरें, घरच्या लेकीवर एवढें दुःख कोसळल्याच्या दुसऱ्या वर्षीं पुरें झालें. त्या दुःखाचा आणि या देवळाचा संबंध जोडणारा कागद मीं पाहिलेला नाहीं, म्हणून मी तो जोडीत नाहीं. दोन सन फक्त शेजारीं ठेवतों आणि क्षणभर गप्प राहतों. बरोबरच्या बायाबापड्यांपैकीं कोणाचे ना कोणाचे डोळे ओलावलेले असतात. इतिहासांत माणसें होतीं, हें कळण्याला अलंकारिक भाषण लागत नाहीं.

एकदां बरोबरच्या एका तरुणानें हातांतला फोन पुढें करून म्हटलें, ‘यांत निराळाच सन दिला आहे.’ मीं म्हटलें, ‘बरें झालें. आतां त्यालाहि विचारा, कशावरून ?’ सर्वजण हंसले, पण माझें म्हणणें थट्टेचें नव्हतें. छापलेलें, फोनवर दिसणारें आणि मास्तरानें पायरीवर उभें राहून सांगितलेलें, या तिहींना तोच एक प्रश्न लागू आहे.

आतां आळ्यांतून चालूं. येथें मी बोलतां बोलतां चालत नाहीं. चालावयाच्या वेळीं चालावें आणि सांगावयाच्या वेळीं सावली पाहून उभें राहावें, हा माझा नियम. चालतांना वर पाहणाऱ्याचा पाय खड्ड्यांत जातो आणि खालीं पाहणाऱ्याचा वाडा निसटतो. जुन्या वाड्याची ओळख तळापासून करून घ्यावी: खालीं घडीव दगडाचें जोतें, त्यावर विटांची भिंत, आंत लाकडी खांबतुळयांचा सांगाडा. पावसाचें पाणी आणि जमिनीची ओल यांना तोंड देतें जोतें; भार वाहतो लाकडाचा सांगाडा; भिंत बहुतेक ठिकाणीं नुसता पडदा. म्हणूनच पुष्कळ पडक्या वाड्यांत भिंती ढासळल्या तरी खांब उभे दिसतात. असे वाडे दरवर्षीं कमी होत आहेत. मालकांना दोष देणें सोपें आहे. पण दहा वारस, गळकें छप्पर आणि दुरुस्तीचा खर्च हें ज्याचें त्याला ठाऊक. आपण बाहेरच्यांनीं एवढें करावें कीं, उघडा दरवाजा दिसला म्हणून आंत शिरूं नये. विचारून, बोलावलें तर जावें. पुष्कळदां आंतून चहा घेऊनच परतावें लागतें.

वाईची दुसरी एक ओळख दगडांत दिसत नाहीं. ती विद्येची आहे. १९१६ मध्यें नारायणशास्त्री मराठे यांनीं येथें प्राज्ञपाठशाळा स्थापिली. पुढें संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती या नांवानें ओळखले गेले. जुनें शास्त्र मन लावून शिकावयाचें आणि नव्या काळाकडे पाठ फिरवावयाची नाहीं, हें या पाठशाळेचें वैशिष्ट्य. विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमांतून रजा घेऊन कांहीं काळ येथें अध्ययनासाठीं राहिले होते. खानदेशांतील पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी नांवाचा मुलगा येथेंच येऊन शिकला. तेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९३३ मध्यें गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर आणि वधू निरनिराळ्या जातींचे. पुरोहित होते हेच तर्कतीर्थ. पाठशाळेच्या दारांत उभें राहून मी ही हकीकत सांगतों, तेव्हां पोथी उघडणारा माणूस मनहि उघडें ठेवूं शकतो, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

पुढें मराठी विश्वकोशाचें प्रचंड काम त्यांच्याकडे आलें, आणि त्या कामाचें केंद्र मुंबईपुण्यास न होतां वाईंत झालें. पहिला खंड १९७६ मध्यें बाहेर पडला. अणूपासून अंतराळापर्यंतचें ज्ञान मराठींत आणण्याची खटपट या नदीकांठच्या लहानशा गांवीं बसून झाली, ही गोष्ट मला कोणत्याहि देवळाइतकीच पाहण्यासारखी वाटते.

न्याहारी करून आपण मेणवलीस निघतों. नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरांवर हें गांव. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्यासाठीं रिक्षा सांगून ठेवावी. चालणारांच्या गतीनें वृद्धांना ओढूं नये. मेणवली हें नाना फडणविसांचें इनामाचें गांव. तेथें त्यांचा चौकाचौकांचा वाडा आहे, आणि या वाड्यांतून निघालेलीं कागदपत्रें ‘मेणवली दफ्तर’ या नांवानें इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. वाड्यामागें चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. घाटावर शंकराचें आणि विष्णूचें देऊळ आहे, आणि तेथेंच एका छोट्या दगडी मंडपांत एक मोठी घंटा टांगलेली आहे.

या घंटेपाशीं मी कांहींच सांगत नाहीं. ‘तुम्हीच पाहा आणि मला सांगा’ असें म्हणून बाजूला बसतों. प्रथम कोणीतरी म्हणतें, देवळासाठीं ओतवून घेतली असेल. मग एखादी मुलगी जवळ जाऊन पाहते आणि सांगते, ‘हिच्यावर एक बाई आहे, कडेवर मूल आहे.’ दुसरा कोणी १७०७ हा आंकडा वाचतो. आतां मी विचारतों, ‘नाना फडणविसांचा जन्म १७४२ चा. मग घंटा कोणासाठीं ओतली ?’ झालें, तर्क सुरू होतो. घंटा नानांच्या जन्माआधीं पस्तीस वर्षांची, म्हणजे ती त्यांच्यासाठीं केलेली नव्हे. मूर्ति मेरीमाता आणि बाळ येशू यांची, म्हणजे ती मूळची चर्चमधली. चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हातीं केव्हां आल्या ? १७३९ मध्यें चिमाजी आपांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां. त्या विजयाच्या खुणा म्हणून अशा घंटा निरनिराळ्या देवळांत गेल्या. भीमाशंकरासहि अशीच एक आहे. दगडाची, किंवा येथें धातूची म्हणा, आणि कागदाची, अशा दोन साक्षी एकत्र आल्या म्हणजे किती दूरवरचें दिसूं लागतें, याचें याहून चांगलें उदाहरण माझ्यापाशीं नाहीं. एका चर्चची घंटा शिवालयाच्या दारीं जवळजवळ अडीचशें वर्षें टांगलेली आहे, आणि तिच्यावरची माता कोणी घासून पुसून टाकलेली नाहीं, हेंहि पाहून ठेवण्यासारखें आहे.

एवढ्यांत मुलें ठरलेला प्रश्न विचारतात: ‘तो सिनेमा येथेंच काढला ना ?’ होय, २००४ मध्यें आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटाचें चित्रण येथें झालें. मी तेंहि सांगतों, सनासकट. तोहि आतां या घाटाचा इतिहासच. फक्त तो शेवटीं सांगतों. आधीं सांगितला तर घंटेकडे कोणी पाहत नाहीं.

परततांना तिसऱ्या साक्षीकडे, म्हणजे लोकांच्या गोष्टींकडे येतों. अफझलखानाकडे वाईचा सुभा होता आणि १६५९ मध्यें प्रतापगडाकडे जाण्यापूर्वीं त्याचा तळ वाईस पडला होता, हें इतिहासाला माहीत आहे. त्या संकटांत शिवाजी महाराजांना यश यावें म्हणून गांवांतील एका सत्पुरुषानें कृष्णामाईला नवस केला आणि त्यांतून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असें लोक सांगतात. थंडी सरतां सरतां प्रत्येक घाटावर आळीपाळीनें हा उत्सव होतो; नदीलाच देवी मानून तिची पूजा होते. ‘हें खरें आहे का ?’ असें कोणी विचारलें म्हणजे मी म्हणतों, ‘खानाचा तळ ही कागदाची गोष्ट आहे आणि नवस ही लोकांची गोष्ट आहे. पण उत्सव तर प्रत्यक्ष आहे. ज्या गांवाला आपली नदी वर्षांतून एकदां पाहुणी म्हणून घरीं आणावीशी वाटते, त्या गांवाविषयीं ही गोष्ट कांहींतरी खरें सांगतेच.’

विराटनगरीचेंहि तसेंच. आतां मी गडाकडे बोट दाखवून म्हणतों, ‘त्याला लोक पांडवगड म्हणतात, त्या दुसऱ्याला वैराटगड. पांडव येथें राहिले अशी येथील लोकांची समजूत आहे. मत्स्यदेशाची विराटनगरी राजस्थानांतील बैराट होय, असें अभ्यासक मानतात. आपल्या देशांत अनेक गांवांनीं पांडवांना आपल्या वेशींत बोलावून घेतलें आहे. वनवासांत पडलेल्यांना आपण आसरा दिला असें प्रत्येक गांवाला वाटावें, यांत गांवाला कमीपणा नाहीं.’ एवढें सांगितल्यानें कोणाची श्रद्धा दुखावलेली मीं पाहिली नाहीं, आणि कोणा मुलाला खालीं बस म्हणण्याची पाळीहि आली नाहीं. त्या दिवशीं मला हेंच सांगतां आलें असतें. सांगावयाला दोन मिनिटें लागतात. मला पंधरा वर्षें लागलीं.

श्रोतेहो, आपण सारे वाईला याच असा माझा आग्रह नाहीं. आपण जेथें राहतां त्या शहरांतच एखादी जुनी पेठ, एखादें बंदर, एखादी विहीर, एखादी बंद पडलेली गिरणी असेल. एका रविवारीं सकाळीं मुलांना घेऊन मैलभर चाला. फार पाहूं नका. चारपांच जागा पुरेत. प्रत्येक ठिकाणीं आधीं डोळ्यांनीं काय दिसतें तें मुलांनाच सांगावयास लावा. मग घरीं येऊन पुस्तकांत किंवा फोनवर काय लिहिलें आहे तें वाचा, आणि पुढच्या रविवारीं त्या आळींतल्या सर्वांत वृद्ध बाईंना किंवा बुवांना जाऊन विचारा. तिन्ही उत्तरें एका वहींत तीन रकान्यांत लिहून ठेवा. तीं जुळलीं तर आनंद आहे. न जुळलीं तर अधिक आनंद, कारण मग शोधावयाला कांहीं उरलें.

आणि एक विनंती. पायीं हिंडतांना मुलानें ‘कशावरून ?’ म्हणून विचारलें, आणि आपल्याला उत्तर ठाऊक नसलें, तर ‘मला ठाऊक नाहीं, चल, दोघे मिळून पाहूं’ असें त्याला सांगा. माझ्या हातून एकदां तें झालें नाहीं. तो मुलगा गणितांत रमला, सुखी आहे, त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. पण वाईच्या घाटावर उभा राहून इतिहास सांगणारा एक चांगला माणूस कदाचित् मीं त्या दिवशीं गमावला, असें मला रविवारीं सकाळीं पायऱ्या उतरतांना अजूनहि वाटतें.